बोटीवरची धूळ आणि पुराव्याचे ओझे

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन युद्धनौकेचा तळभाग डोळ्यांपुढे आणा. बॉयलर, टर्बाइन, वाफेचे नळ, साऱ्यांना ॲस्बेस्टॉसचे वेष्टन. नळ दुरुस्त करायचा तर आधी ते फोडायचे. कोंदट जागेत त्याची धूळ उडे आणि खलाशांच्या फुप्फुसांत जाई.

धोका कोणास ठाऊकच नव्हता, असे म्हणता येत नाही. १९४३ साली नौदलाने कंत्राटी गोद्यांसाठी जे आरोग्यनियम काढले, त्यांत या धुळीचा उल्लेख आहे. गोदी-कामगारासाठी निदान कागदावर तरी नियम झाला!

रोगही कसा, तर छातीच्या अस्तराचा कर्करोग, मेसोथेलिओमा, बहुधा २० ते ५० वर्षांनी उघडकीस येतो. तोवर बोट मोडीत गेलेली, सोबती पांगलेले.

ॲस्बेस्टॉसचा माल पुरविणाऱ्या कंपन्यांवर खटला भरता येतो, सरकारवर नाही. सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली फेरेस खटल्यात ठरविले. सरकारकडून मिळायचे ते माजी सैनिक खात्याचे अपंगत्व-वेतन. त्यासाठी रोगाचे निदान हवे, नोकरीत धुळीशी संबंध आल्याचा पुरावा हवा, आणि दोहोंची सांगड घालणारे डॉक्टरचे मत हवे. खाते हुद्दा पाहते. बॉयलरवाल्याचे त्यामुळे निभावते; बोटीवरच्या कारकुनाने काय दाखवावे? (अर्ज लिहिणे हीसुद्धा विद्या आहे, हे आम्ही युनियनवाले जाणतो.)

मेसोथेलिओमाला १०० टक्के अपंगत्व धरतात. पण रोगी बहुधा फार दिवस जगत नाही, आणि मग विधवेला स्वतःच्या नावाने निराळा अर्ज करावा लागतो.