पक्षिनिरीक्षणासाठी दुर्बिणीची निवड

म्हैसूर शहरातील गोकुलम वसाहतीच्या बागांतून शिंपी, चष्मेवाला यांसारखे चिमुकले पक्षी वावरतात. थोड्या अंतरावरील कुक्करहळ्ळी तलावावर पेलिकनसारखे मोठे पक्षी दिसतात. या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडेल अशी एकच दुर्बीण शाळेला घ्यावयाची असल्यास ती कोणती घ्यावी? दुर्बीण जितकी अधिक मोठे करून दाखवील तितकी ती चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही.

दुर्बिणीवर ‘८ × ४२’ अशी आकड्यांची जोडी छापलेली असते. पहिला आकडा वर्धनशक्ती दर्शवितो. वर्धनशक्ती ८ असल्यास ८० मीटरांवरील पक्षी १० मीटरांवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढील भिंगाचा मिलिमीटरांतील व्यास होय. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ‘८ × ४२’ दुर्बिणीत तो ५.२५ मिलिमीटर, तर ‘१० × २५’ मध्ये केवळ २.५ मिलिमीटर असतो. भर दुपारी डोळ्याची बाहुली २ ते ३ मिलिमीटरच उघडी असल्याने दोहोंच्या उजेडात फारसा फरक जाणवत नाही. पहाटे मात्र बाहुली विस्तारते आणि दुसऱ्या दुर्बिणीतील चित्र अंधुक भासते. पक्षी तर पहाटेच अधिक वावरतात! म्हणून दुकानात दुपारी घेतलेली परीक्षा फसवी ठरते.

वर्धनशक्तीबरोबर हाताचा कंपही वाढतो आणि साधारणतः दृष्टिक्षेत्र आकुंचन पावते. फांदीवरून फांदीवर जाणारा चष्मेवाला अशा दुर्बिणीत सापडेपर्यंत उडून जातो. डॉ. सलीम अली यांच्या सूचनेवरून १९४० साली अभयारण्य झालेल्या जवळच्या रंगनथिट्टू येथे पक्षी नावेतून पाहतात. नाव हलत असल्याने तेथेही बेताची वर्धनशक्तीच बरी. १२ किंवा त्याहून अधिक वर्धनशक्तीच्या दुर्बिणीस तिपाईचा आधार हवा.

चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्रभिंगापासून सुमारे १५ मिलिमीटर किंवा अधिक अंतरावरूनही संपूर्ण चित्र दिसते, याची खात्री करावी. बागेसाठी २ ते ३ मीटरांवरील पानही स्पष्ट दिसले पाहिजे.

सर्वसाधारण उपयोगास ‘८ × ४२’ अथवा, वजन कमी हवे असल्यास, ‘८ × ३२’ दुर्बीण योग्य होय. खरेदीपूर्वी ती संध्याकाळी, झाडाच्या सावलीकडे रोखून पाहावी. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही रोखू नये. क्षणार्धात दृष्टी कायमची जाऊ शकते.