गाडी स्लो धरत नाही? आधी स्क्रूला हात लावू नका

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. जुनी डर्टबाइक किकला लागते, रेस दिली की पळते, पण ॲक्सिलरेटर सोडला की बंद. गॅरेजच्या भाषेत, स्लो धरत नाही. आपण लगेच काय करतो? स्लोचा स्क्रू दोन फेरे आत. गाडी चालू राहते, आपण खूश.

आम्हीही हेच केलं होतं. आमच्याकडे यामाहा आरएक्स १०० आहे. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली ही टू-स्ट्रोक गाडी. हेडलाइट काढलेला, मातीचे टायर घातलेले, ऑइल पंप काढून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. स्लो वाढवला आणि निघालो. एका लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली आणि मध्येच पिस्टन पकडला. मागचं चाक जाम. हात क्लचवर होता म्हणून पडलो नाही. असं का झालं, हे समजलं की आजचा निम्मा विषय समजला.

स्लोवर असताना कार्ब्युरेटरची स्लाइड जवळजवळ बंद असते. तेव्हा मेन जेटचा काही संबंध नसतो. इंजिन जगतं ते पायलट जेटवर, म्हणजे ज्याला आपण स्लो जेट म्हणतो त्याच्यावर. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. तिथे कचरा अडकला, किंवा कार्ब्युरेटरच्या पुढे कुठून चोरटी हवा शिरली, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. मोठ्या रेसला ते झाकलं जातं, स्लोला उघडं पडतं. आमच्या गाडीत तेल पेट्रोलमधूनच यायचं. त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि वर उष्णता जास्त. उतारावर ॲक्सिलरेटर बंद असताना इंजिन वेगात फिरत होतं आणि त्याला मिळत होतं ते फक्त पायलट जेटमधलं थेंबभर. स्लो न धरणं हा त्या इंजिनाने आधीच दिलेला इशारा होता. आम्ही स्क्रू फिरवून त्याचं तोंड बंद केलं.

मग करायचं काय? आधी गाडीचं ऐका. चोक ओढल्यावर चालू राहते आणि चोक काढला की मरते, तर पेट्रोल कमी पडतंय. चोक ओढल्यावर आणखी गुदमरते, प्लग काळा ओला निघतो, तर पेट्रोल जास्त होतंय. फ्लोटची पातळी, नीट न बसणारा चोक आणि तुंबलेला एअर फिल्टर बघा. आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस पटकन खाली येत नसेल, तर चोरट्या हवेचा संशय घ्या. त्याआधी केबलला थोडा ढिलेपणा आहे ना, हेही बघून घ्या.

आता हाताला काम. सहा महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल काढून टाका. ते उडून गेलं की मागे चिकट थर राहतो आणि तो नेमका पायलट जेटमध्ये बसतो. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पाइपही बदला. जेट काढून उजेडाकडे धरा, आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. फक्त जेट साफ करून थांबू नका. कार्ब्युरेटरच्या अंगातल्या बारीक वाटांमधूनही हवा मारा. बरेच जण इथेच चुकतात.

मग हवेची गळती. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यातलं रबर वाकवून बघा, भेगा दिसतील. गाडी चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथूनच हवा जातेय. पेट्रोलचा फवारा मारू नका, गरम इंजिनावर भडका उडेल. तिथे काही सापडलं नाही तर क्रँकचे ऑइल सील. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर हवा आत शिरते. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, धूर वाढतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. आमच्याकडे मॅग्नेटचंच सील कडक होऊन गेलं होतं. ते वेळेवर बदललं असतं तर पिस्टन वाचला असता.

एवढं झाल्यावरच स्क्रू. इथे श्रोत्यांमधून एक चांगला प्रश्न आला आहे : स्क्रू आत घेतला की पेट्रोल वाढतं की घटतं? उत्तर स्क्रूच्या जागेवर आहे. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत घेतला की हवा कमी, मिश्रण घट्ट. इंजिनाच्या बाजूला असेल, जसा बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांत असतो, तर तो मिश्रणाचा. आत घेतला की पेट्रोल कमी. उलटं समजलात तर दिवसभर फिरवत बसाल.

इंजिन गरम करा. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा. मग पाव-पाव फेरा फिरवत जिथे रेस सर्वात जास्त होते तिथे थांबा, आणि मगच स्लोचा स्क्रू उतरवा. फोर-स्ट्रोक असेल तर या सगळ्याआधी टॅपेटचा गॅप तपासा. व्हॉल्व्ह घट्ट असेल तर कार्ब्युरेटर कितीही धुतलात तरी गाडी स्लो धरणार नाही.

थोडक्यात, क्रम लक्षात ठेवा : पेट्रोल, जेट, गळती आणि शेवटी स्क्रू. आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली आणि नव्या पिस्टनचे व बोअरिंगचे पैसे भरले. तुम्ही भरू नका.