पत्र ओळखीच्याचे, पाहुणा परका

गायकवाडी अमदानीपासून बडोद्यात स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांचा गोतावळा आज दूरवर पसरला आहे. एक भाऊ रावपुऱ्यात, दुसरा पुण्यास, भाची न्यू जर्सीत, असे चित्र घरोघर दिसते. लग्नाची छायाचित्रे, कुलवृत्तांताचे टिपण, मंडळाचा जमाखर्च, बँकेची खातेपत्रके, सारे काही ई-मेलने येते आणि घरच्या संगणकात साठत जाते. याच वाटेने येणाऱ्या विषाणूंविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, असे आम्हांस वाटले.

संगणकाचा विषाणू म्हणजे माणसाने लिहिलेला एक प्रोग्राम. तो वाऱ्यावरून येत नाही. त्याला कोणीतरी चालू करावे लागते, आणि ई-मेलच्या बाबतीत तो हात बहुधा आपलाच असतो. पत्राचा नुसता मजकूर वाचल्याने आजकाल सहसा लागण होत नाही. सोबत जोडलेली फाइल उघडली किंवा मजकुरातील दुव्यावर बोट दाबले, की दार उघडते. तेव्हा विषाणू लिहिणाऱ्यापुढचा खरा प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा असतो. समोरच्या गृहस्थाकडून ती फाइल उघडवून कशी घ्यावी?

याचे उत्तर १९९९ सालच्या मार्च महिन्यात 'मेलिसा'ने दिले. हा विषाणू वर्डच्या फाइलमध्ये दडलेला असे. फाइल उघडली, की संगणकातील पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना तो स्वतःच्या प्रती पाठवी, आणि त्याही संगणकाच्या मालकाच्या नावाने! 'अमुक अमुक यांच्याकडून महत्त्वाचा निरोप' असे शीर्षक पाहून कोण थांबणार?

पुढच्याच वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' निघाला. सोबतच्या फाइलचे नाव होते 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. विंडोज फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे झाकून ठेवीत असल्यामुळे पाहणाऱ्यास ती साधी मजकुराची फाइल वाटे. शेवटचे 'व्हीबीएस', म्हणजे हा चालणारा प्रोग्राम आहे हे सांगणारी खूण, दिसतच नसे. यादीतील प्रत्येकास पत्र धाडून तो संगणकातील छायाचित्रांच्या फाइलींवर स्वतःची प्रत लिहीत सुटे. ब्रिटनच्या पार्लमेंटला त्या दिवशी आपली ई-मेल व्यवस्था बंद ठेवावी लागली. मनिला येथील ओनेल दि गुझमान या विद्यार्थ्यावर संशय होता. परंतु त्या देशात असा गुन्हा मानणारा कायदाच तेव्हा नव्हता, म्हणून तो सुटला. तो विषाणू आपणच सोडला, ही कबुली त्याने वीस वर्षांनी दिली. इंटरनेटसाठी पैसे नव्हते म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड मिळवायचे होते, हे त्याचे कारण!

यानंतरचा 'इमोटेट' अधिकच धूर्त. तो पत्रपेटीतील जुना पत्रव्यवहार चोरी आणि चालू संभाषणाला उत्तर आल्यासारखे पत्र पाठवी. मागील मजकूर तोच, विषय तोच, फक्त खाली एक नवी फाइल. अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून जानेवारी २०२१ मध्ये त्याची यंत्रणा मोडून काढली, तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो पुन्हा अवतरला.

'अनोळखी माणसाचे पत्र उघडू नका' हा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो खोटा नाही, पण आम्हांस अगदी अपुरा वाटतो. वरील तिन्ही उदाहरणांत पत्र परिचिताच्या नावाने आले होते. शिवाय पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते, तसेच ई-मेलवरही लिहिता येते. तेव्हा नावाची ओळख पुरत नाही. 'ही फाइल मला येणार होती काय?' हा प्रश्न विचारावा. येणार नसेल, तर भावाला सरळ फोन करावा. त्याच ई-मेलला उत्तर देऊन विचारण्यात अर्थ नाही. त्याची पत्रपेटी दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर 'होय, मीच पाठवली' असे उत्तर तोच दुसरा देईल. फोन करण्यात मानापमान मानू नये. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या नावाने आलेल्या पत्राविषयी शंका घेणे अनेकांना जड जाते, आणि नेमक्या याच भिडेवर विषाणू पोसतो. २०२४ साली भ्रमणध्वनीवर लग्नपत्रिकेच्या नावाखाली 'एपीके' फाइली फिरल्या, त्याही याच हिशेबाने. निमंत्रण नाकारणार कोण?

संगणकातही थोडी व्यवस्था लावावी. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण केली, की झाकलेली शेवटची अक्षरे दिसू लागतात. 'ईएक्सई', 'व्हीबीएस', 'जेएस', 'एलएनके' अशी अखेर असलेली फाइल ई-मेलने आली, तर ती पत्रिका नव्हे आणि देयकही नव्हे. बाहेरून आलेल्या वर्डच्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडविले आहेत. 'ही अडचण दूर करण्यासाठी अमुक बटण दाबा' असे फाइलच सांगू लागली, तर ती तेथेच बंद करावी. रोजच्या कामासाठी 'ॲडमिनिस्ट्रेटर' नसलेले साधे खाते ठेवावे, म्हणजे चुकून काही चालू झाले तरी त्याचे हात थोडे आखूड राहतात.

विषाणुरोधक प्रोग्रामविषयी फार विचारणा होते. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी उभे केलेले 'क्विक हील' तर मराठी माणसाच्या कौतुकाचा विषय आहे. परंतु विंडोजमध्ये अंगभूत असलेला 'डिफेंडर' चालू असेल आणि वेळच्या वेळी सुधारणा होत असतील, तर साध्या घरास तो पुरेसा आहे, असे आमचे मत. विकतचा घ्यावयाचा तर एकच घ्यावा. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतात. दुकानदाराने विनापरवाना विंडोज घालून सुधारणाच बंद करून दिलेला संगणक मात्र घरात नको. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हे जुने यंत्र वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

इतके करूनही एखादा विषाणू घुसू शकतो. खंडणीखोर विषाणू सर्व फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. पैसे दिले तरी किल्ली मिळेलच असे नाही. आजोबांच्या मोडी कागदांची टिपलेली छायाचित्रे एकाच यंत्रात असतील, तर ती त्या दिवशी गेली. म्हणून महिन्यातून एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर नक्कल करावी आणि काम होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कलाही तोच विषाणू कुलूप घालतो.

आणि लागण झालीच तर? प्रथम इंटरनेट तोडावे. तार काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून ई-मेलचा व बँकेचा पासवर्ड बदलावा. यादीतील मंडळींना फोनवर कळवावे, कारण आपल्या नावाची पत्रे एव्हाना त्यांच्याकडे निघाली असतील. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. तेथे जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक. कपाटातील डिस्क मात्र जाणकाराने यंत्र पुसून विंडोज नव्याने बसविल्यानंतरच जोडावी, तोवर नाही.