वडापाव, कटिंग आणि लोहाचे गणित

घाटकोपरच्या वल्लभबाग लेनमधील खाऊगल्ली असो वा मुलुंड, अंधेरी, बोरिवली स्थानकांबाहेरच्या वडापावच्या गाड्या, उपनगरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा आहार आवडीइतकाच लोकलच्या वेळापत्रकाने आणि सकाळच्या तासिकांनी ठरतो; त्यामुळे न्याहारी चुकते आणि पहिल्या सुट्टीत वडापावसोबत कटिंग चहा घेतला जातो. हे खाणे पोषणाच्या अज्ञानातूनच घडते, असे मानणे मात्र उथळपणाचे ठरेल, कारण प्रथिने आणि जीवनसत्त्वे ही नावे शाळेच्या पुस्तकांतूनच परिचित झालेली असतात.

अपुरे पडते ते पदार्थांच्या मेळाचे ज्ञान. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दररोज 29 मिलिग्रॅम, तर पुरुषाला 19 मिलिग्रॅम लोह लागते. डाळी, कडधान्ये व पालेभाज्यांतील लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते, आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहातील टॅनिनसारखी संयुगे ते आणखी अडवतात. उलट लिंबू, पेरू वा आवळ्यातील क जीवनसत्त्व शोषण वाढवते. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळण्याची घरगुती रीत (जी डब्यात हमखास विसरली जाते) शास्त्राला धरूनच आहे.

वडापाव सोडण्याची गरज नाही; विद्यार्थ्यांनी कटिंग तेवढा तासाभराने घ्यावा आणि डब्यात लिंबाची फोड ठेवावी.