जुन्या वाद्यवृंदाचें नवें गाणें

शेजारच्या घरांतून विजेच्या गिटारचा कर्कश नाद ऐकूं आला, कीं वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात आणि मुलें मात्र कान टवकारतात. ज्या गोष्टीचा आपण तिटकारा करतों अथवा जिच्यावर लुब्ध होतों, ती मुळांत आहे तरी काय, हें समजून घेणें दोन्ही पक्षांच्या हिताचें आहे. म्हणून या वादनप्रकाराची व तो वाजविणाऱ्या मुंबईच्या एका जुन्या वाद्यवृंदाची ओळख येथें करून देण्याचें योजिलें आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत कृष्णवर्णीय लोकांच्या ‘ब्लूज’ गीतांतून व खेड्यांतील गाण्यांतून ‘रॉक अँड रोल’ नांवाचें संगीत जन्मास आलें. वाद्यें मोजकीं, ताल ठसठशीत, चाल सोपी. हेंच पुढें इंग्लंडांत अधिक उग्र झालें, आणि त्यास ‘हेवी मेटल’, म्हणजे ‘जड धातु’, असें नांव पडलें. या नांवास शोभेल अशीच एक हकीकत आहे. बर्मिंगहॅम शहरीं टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असे. इ. स. १९६५ मध्यें यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच! तेव्हां कारखान्याच्या मुकादमानें त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगींत हात भाजल्यावर राइनहार्ट डाव्या हाताच्या दोनच बोटांनीं स्वर काढीत असे. हें ऐकून मुलास धीर आला. त्यानें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, बारीक तारा चढविल्या व पुढें त्या सैल करून खालच्या स्वरांत लावल्या. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचा जड, खोल नाद या व्यंगाशीं झगडतांनाच घडत गेला.

आतां त्या खरखरीचें कारण पाहूं. तारेच्या कंपनांपासून उत्पन्न होणारा दुर्बळ विद्युत्प्रवाह ध्वनिवर्धकांत मोठा केला जातो. परंतु यंत्राच्या शक्तीपेक्षां अधिक भार त्यावर टाकला, तर ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वराबरोबर पुष्कळ नवे उपस्वर उमटतात. जो प्रथम यंत्राचा दोष मानीत, तोच वादकांनीं गुण करून घेतला. पुणेंकरांस तर हें सहज पटावें. गणेशोत्सवांत ताशाची तडतड आणि ढोलाचा घुमारा आपल्या छातींत घुमतो, तेव्हां तो गोड आहे कीं नाहीं असा प्रश्न आपण करीत नाहीं.

हा नाद आपल्याकडे आला तेव्हां मुंबईंतील तरुण महाविद्यालयांच्या संमेलनांतून परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करीत. इ. स. १९८४ मध्यें ‘रॉक मशीन’ नांवाचा जो वाद्यवृंद तेथें स्थापन झाला, त्याचाही आरंभ असाच झाला. गिटारवादक महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल व कळवाद्य वाजविणारे झुबिन बलापोरिया हीं त्यांतील प्रमुख नांवें. नक्कल उत्तम साधली म्हणजे टाळ्या मिळतात. पण टाळ्या खऱ्या कोणाच्या, हा प्रश्न विचारी कलावंतास स्वस्थ बसूं देत नाहीं. या मंडळींनीं १९८८ सालीं ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतः रचिलेल्या गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. भाषा इंग्रजीच होती, परंतु गाणें उसनें नव्हतें. १९९३ मध्यें त्यांनीं ‘इंडस क्रीड’ हें नांव घेतलें. नव्या नांवांत आपली सिंधु नदी आली. त्या नांवाचा संग्रह १९९५ सालीं निघाला आणि १९९७ मध्यें वाद्यवृंद विसर्जित झाला. बेनेगल पुढें न्यूयॉर्कला गेले. गोष्ट संपली, असेंच सर्वांस वाटलें.

परंतु १९१० नव्हे, २०१० सालीं, म्हणजे ज्या वर्षीं आपल्या पुण्यांत ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीतमेळा प्रथम भरला त्याच वर्षीं, बेनेगल, तिनईकर व बलापोरिया पुनः एकत्र आले. रुशाद मिस्त्री व जय राव कवी हे दोन नवे वादक त्यांनीं सोबतीस घेतले आणि २०१२ मध्यें ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह प्रसिद्ध केला. पहिल्या पर्वांतील अखेरच्या संग्रहानंतर सतरा वर्षें लोटलीं होतीं. जुनींच लोकप्रिय गाणीं पुनः वाजवून पैसा व कौतुक मिळविणें अवघड नव्हतें. त्यांनीं नवीं गाणीं केलीं. संग्रहाच्या नांवाचा अर्थच ‘उत्क्रांत व्हा’ असा आहे, आणि तारुण्यांतील झगमगाट जाऊन त्याच्या जागीं अधिक जड व विचारी स्वर आला आहे.

पुनरागमनाचा दुसरा मार्ग मुळाकडे जाण्याचा. ‘ब्लॅक सॅबथ’नें २०१३ सालीं आपल्या मूळ गायकासह ‘थर्टीन’ हा संग्रह काढला. त्या गायकासह ध्वनिमुद्रणगृहांत केलेला पूर्वीचा संग्रह १९७८ चा होता. ध्वनिमुद्रणाच्या सूत्रधारानें या वृद्ध वादकांस त्यांचा १९७० चा पहिला संग्रह ऐकविला आणि तोच साधा, खडबडीत जोम पुनः आणा, असें सांगितलें. आयोमी तेव्हां कर्करोगावर उपचार घेत होते.

या दोन मार्गांत विरोध आहे काय? आपल्याकडे कुमार गंधर्वांचें उदाहरण आहे. क्षयामुळें सुमारें सहा वर्षें त्यांचें गाणें बंद होतें. देवासला राहत असतां माळव्याचीं लोकगीतें त्यांच्या कानांवर पडत. ते पुनः गाऊं लागले तेव्हां त्या मुळांतूनच नवीन गायकी उगवली. मुळाकडे जाणें आणि मागें जाणें, या एकच गोष्टी नव्हेत.

विद्यार्थिमित्रहो, प्रथम दुसऱ्याची नक्कल सोडणें कठीण. पण स्वतःच्याच गतयशाची नक्कल सोडणें त्याहूनही कठीण. पुढील स्नेहसंमेलनांत चित्रपटांतील गाणीं अवश्य म्हणा, पण त्यांत एक तरी चाल तुमची स्वतःची असूं द्या. ती ओबडधोबड असली तरी चालेल. आणि पालकहो, मुलाच्या खोलींतून तो खरखरीत नाद आला, तर आवाज थोडा कमी करावयास जरूर सांगा, कारण कान एकदां गेले म्हणजे परत येत नाहींत. मात्र दार लावून घेण्यापूर्वीं ‘हें कोणाचें गाणें?’ एवढें विचारा. न जाणों, ‘माझें’ असें उत्तर मिळेल.