स्तन काढायचा की फक्त गाठ?

स्तनात कर्करोगाची गाठ सापडली की पूर्ण स्तन काढायचा, की फक्त गाठ? 'मुळापासून काढलेले बरे' असे आपल्याला सहज वाटते. अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांचाही विचार तसाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढत. पुढे अनेक दशके हीच पद्धत रूढ होती.

पण वाटणे वेगळे आणि पडताळणे वेगळे. इटलीत मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांचे दोन गट केले. सर्वांच्या गाठी २ सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या. एका गटावर हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटात स्तनाचा गाठ असलेला चतुर्थांश भाग काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. डॉक्टरांनी निवड केली असती, तर कमी आजारी स्त्रिया कदाचित एकाच गटात गेल्या असत्या. मग फरक शस्त्रक्रियेमुळे की आजारामुळे, हे कसे कळणार?

वीस वर्षांनी पाहिले, तर दोन्ही गटांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४१ टक्के, म्हणजे सारखेच होते. स्तन गमावून आयुष्य वाढले नव्हते.

मग आणखी कमी कापले तर? अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून फक्त गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी ऊती काढून पाहिली. वीस वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण किरणोपचाराविना ३९ टक्के, तर किरणोपचारासह १४ टक्के आढळले. म्हणजे लहान शस्त्रक्रियेला किरणोपचाराची जोड हवी.

जास्त भाग काढला तर स्तनाचा आकार बिघडतो; फार कमी काढला तर कडेला कर्करोगपेशी राहू शकतात. म्हणून काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शाईपर्यंत कर्करोगपेशी पोहोचलेल्या दिसल्या, तर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

अर्थात, स्तन वाचवणे प्रत्येकीला शक्य नसते. गाठ स्तनाच्या मानाने फार मोठी असेल किंवा किरणोपचार घेणे शक्य नसेल, तर पूर्ण स्तन काढणेच योग्य ठरू शकते. किरणोपचारांसाठी काही आठवडे फेऱ्या माराव्या लागतात. केंद्र गावापासून लांब असेल, तर राहण्याची सोयही पाहावी लागते.

'नियंत्रित प्रयोग' शिकवताना आपण बहुधा कुंडीतल्या रोपांचे उदाहरण देतो. वरच्या वर्गात हेही उदाहरण जरूर सांगावे. समान गट करून तुलना केली, म्हणूनच असंख्य स्त्रियांचे स्तन वाचले.