सेवेसाठी आलेले हात

निराधार मुलांची सेवा करण्यासाठी स्वतःचा देश सोडून दूर जाणाऱ्या स्त्रीपुरुषांची परंपरा जुनी आहे. त्यांतील अनेकजण मिशनरी संस्थांमार्फत जातात. अशा सेवेचे मोल कशावर अवलंबून असते, हे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदनाच्या इतिहासावरून समजते.

मुक्तिसदनाच्या संस्थापक पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी निराधारपणा स्वतः भोगला होता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत. तेथील सेवा पाहून रमाबाई प्रभावित झाल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत त्यांनी किंडरगार्टन शिक्षणपद्धती अभ्यासली. भारतातील विधवांच्या शिक्षणासाठी बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने त्यांना दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे ठरविले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. तेथील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे असल्याचे कळताच १८९३ मध्ये मोठा वाद उद्भवला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. आश्रयासाठी आलेले मूल परावलंबी असते. त्यामुळे त्याला दिलेल्या मदतीबरोबर श्रद्धेचा प्रश्न जोडला गेला, की पालकांचा व समाजाचा विश्वास डळमळतो. हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणून त्यांना आसरा दिला. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० पर्यंत तेथील संख्या सुमारे १,५०० झाली. एवढा पसारा सांभाळण्यासाठी परदेशी स्वयंसेविकाही आल्या. मिनी अब्राम्स ही अमेरिकन मिशनरी १८८७ मध्ये मुंबईस आली होती. तिने मराठी शिकून घेतली आणि १८९८ मध्ये ती मुक्तिसदनाच्या कामात सहभागी झाली. त्याच वर्षी रमाबाई अमेरिकेस गेल्या, तेव्हा संस्थेचा कारभार तिने आणि सुंदराबाई पवार यांनी सांभाळला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की परदेशातून आलेली व्यक्ती मुलांची भाषा शिकून वर्षानुवर्षे राहिली. दुसरी अशी, की रमाबाईंच्या हयातीत मुख्य सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. मुलींना केवळ अन्नवस्त्र न देता शेती, विणकाम, शिवणकाम व छपाई शिकविण्यात आली. छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. मदत करणारा निघून गेला तरी हातातील कसब राहते.

आजचे चित्र पुष्कळसे वेगळे आहे. काही आठवड्यांची सुटी घेऊन बालगृहात सेवा करण्यासाठी जाणारे स्वयंसेवक पुष्कळ देशांत आढळतात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु आईवडिलांना दुरावलेले मूल नव्या माणसाला लवकर जीव लावते आणि तो माणूस महिन्याभरात निघून गेला, की त्याला पुन्हा एकदा टाकल्यासारखे वाटते. काही ठिकाणी तर पाहुण्यांच्या देणग्यांसाठी पालक हयात असलेल्या मुलांनाही अनाथाश्रमात आणले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अशा अनाथालय-पर्यटनाच्या धोक्याची दखल घेतली. भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालकांच्या काळजी व संरक्षणासाठी चालणाऱ्या संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे. संस्थेतील निवास हा शेवटचा पर्याय मानला जावा आणि मूल शक्यतो कुटुंबातच वाढावे, असे या अधिनियमाचे तत्त्व आहे.

म्हणून सेवेस निघणाऱ्याने आधी काही गोष्टींची चौकशी करावी. संस्था नोंदणीकृत आहे काय? ती मुलांना त्यांच्या घरी परत पाठविण्यासाठी प्रयत्न करते काय? आपल्याला त्यांची भाषा येते काय? आपण किती काळ राहणार? मुदत थोडी असेल, तर मुलांचे संगोपन अंगावर घेण्यापेक्षा तेथील शिक्षकांना व परिचारिकांना आपले कौशल्य शिकवावे. स्वयंसेवक परतल्यानंतरही ती माणसे मुलांजवळच राहणार असतात.